सीडी फिरते, पण वाजत का नाही?

काजळी नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या उत्तरेला रत्नागिरी शहर आणि दक्षिणेला भाट्ये गाव आहे. सुरूचे बन, नारळ संशोधन केंद्र आणि लांबच लांब पुळण यांमुळे हे गाव अनेकांना ठाऊक असते. साधारण २००० सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत भाट्यासारख्या किनारी गावांपर्यंत ध्वनिमुद्रणाचे एक स्वस्त साधन येऊन पोचले. ते म्हणजे संगणकावर राइट केलेली सीडी. शिमग्यातले नमन, गणपतीतली जाखडी, डबलबारीचे भजन, शाळेचे स्नेहसंमेलन, घरातल्या म्हाताऱ्या बाईने म्हटलेल्या ओव्या असे पुष्कळ काही आधी कॅसेटवर असायचे, ते सीडीवर गेले. कॅसेट एकदा सीडीवर उतरवली की पुष्कळदा तिच्यावर दुसरे काही भरले जाई, किंवा तिला बुरशी तरी लागे. अशा मुद्रणांची आज राइट केलेली सीडी हीच एकमेव प्रत उरलेली असू शकते.

आता ती सीडी कपाटातून काढून प्लेअरमध्ये घालावी, तर ती फिरते, थोडी घरघरते आणि थांबते. पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरे येतात. दुकानातून विकत आणलेली सीडी मात्र त्याच प्लेअरवर व्यवस्थित वाजते. ‘खराब झाली’ असे म्हणून आपण ती टाकून द्यायला निघतो. पण न वाजणारी प्रत्येक सीडी खराब झालेली असतेच असे नाही. तिच्यावरचे गाणे शाबूत असूनही प्लेअरला ते वाचता येत नाही, असे बऱ्याच वेळा घडते. याची कारणे चार-पाचच आहेत आणि ती वेगवेगळी ओळखता येतात. ती समजून घेण्यासाठी आधी कारखान्यात तयार झालेली सीडी कशी वाजते ते पाहू.

खळग्यांची वाट

गाण्याच्या सीडीचे नियम फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली ठरवले. सीडी प्लेअर बाजारात आला तो १९८२ साली, जपानमध्ये. त्या नियमांनुसार सीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची चकती असते. तिच्या वरच्या अंगाला साच्याने दाबून सूक्ष्म खळगे उठवलेले असतात. त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेसारखे लेपन आणि त्यावर छपाई असते. खळग्यांची ही वाट आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेघ असते. शेजारच्या दोन वेढ्यांत अंतर असते १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून थोडे जास्त.

प्लेअरमधला लेसर खालून, प्लॅस्टिकच्या बाजूने, ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टाकतो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.५५ असल्याने प्लॅस्टिकच्या आत ही तरंगलांबी सुमारे ५०० नॅनोमीटर होते. खळग्याची खोली साधारण तिच्या पाव हिश्श्याच्या आसपास ठेवलेली असते. त्यामुळे सपाट जागेवरून परतणारा आणि खळग्यावरून परतणारा प्रकाश यांच्या मार्गांत जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. दोन्ही लाटा एकमेकींना मारक ठरतात आणि परतणारा प्रकाश मंदावतो. सपाट जागेवर उजळ, खळग्यावर मंद, एवढाच फरक प्लेअरला दिसतो.

खळगा म्हणजे १ आणि सपाट जागा म्हणजे ० असे मात्र नाही. उजळाचा मंद किंवा मंदाचा उजळ होताना जी कड लागते ती १. दोन कडांमधले अंतर शून्यांची संख्या सांगते. ही अंतरे ठरावीक ९ लांबींचीच असतात. सर्वांत आखूड सुमारे ०.८३ मायक्रोमीटर आणि सर्वांत लांब सुमारे ३ मायक्रोमीटर. एका लांबीत आणि पुढच्या लांबीत फरक असतो तो मायक्रोमीटरच्या जेमतेम चतुर्थांशाएवढा. म्हणून कड जागच्या जागी आणि स्पष्ट असणे महत्त्वाचे.

जिथे खळगेच नाहीत

राइट करण्याच्या कोऱ्या सीडीची कल्पना १९८८ साली जपानच्या तैयो युदेन या कंपनीने प्रत्यक्षात आणली. घरच्या संगणकाला साचा दाबून खळगे उठवणे शक्य नाही. म्हणून कोऱ्या सीडीत प्लॅस्टिक आणि धातूचा थर यांच्यामध्ये रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेसरला वाट सापडावी म्हणून एक रिकामी सर्पिल खाच आधीच कोरलेली असते. लिहिताना लेसर वाचतानापेक्षा कित्येक पट प्रखर केला जातो. तो जिथे पडतो तिथले रंगद्रव्य तापून कायमचे बदलते. पुढे वाचताना त्या डागावरून कमी प्रकाश परततो आणि प्लेअरला वाटते की खळगा आला. राइट केलेल्या सीडीची खालची बाजू हिरवट, निळी किंवा फिकट सोनेरी दिसते ती या रंगद्रव्यामुळे.

पहिले कारण इथेच आहे. नियमानुसार कारखान्यातली सीडी पडलेल्या प्रकाशापैकी किमान ७० टक्के परत पाठवते. राइट केलेल्या सीडीत प्रकाशाला जाताना-येताना रंगद्रव्यातून जावे लागते, म्हणून तिच्यासाठी ही मर्यादा ६५ टक्के ठेवली गेली. फरक थोडा आहे, त्यामुळे धडधाकट प्लेअर तो सहज सांभाळून घेतो. पण लेसर म्हातारा झाला असेल, भिंगावर धूळ बसली असेल किंवा प्लेअर राइट करण्याच्या सीडीचे नियम ठरण्याआधीचा, म्हणजे १९९० पूर्वीचा असेल, तर हा थोडा फरकही भारी पडतो. पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी, जिच्यावर ‘आरडब्ल्यू’ लिहिलेले असते, ती तर १५ ते २५ टक्केच प्रकाश परतवते. तिच्यात रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो. १९९७ च्या सुमारास ती बाजारात आली. त्याआधी बनलेल्या प्लेअरना एवढा अंधूक प्रकाश ओळखण्याची गरजच कधी पडली नव्हती. त्यांच्या लेखी अशी सीडी म्हणजे रिकामा ट्रे.

यात आणखी एक भर. मूळ सीडी ७४ मिनिटांची धरलेली. ८० मिनिटांच्या कोऱ्या सीडीत जादा सहा मिनिटे बसवण्यासाठी वेढे १.६ ऐवजी सुमारे १.५ मायक्रोमीटरवर आणलेले असतात. जुन्या प्लेअरला या दाट वाटेवर लेसर नेमका धरून ठेवणे अधिक अवघड जाते. शिवाय हलक्या दर्जाच्या सीडीवर फार वेगाने लिहिले असेल तर डागांच्या कडा पुसट होतात, आणि कडा म्हणजेच मजकूर हे आपण पाहिलेच.

चकती तीच, भाषा वेगळी

दुसरे कारण अधिक वेळा आढळते आणि त्यात सीडीचा काहीच दोष नसतो.

गाण्याच्या सीडीवर ‘फाइल’ नावाची गोष्टच नसते. ध्वनीच्या लाटेची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी प्रत्येकी १६ अंकांत, ओळीने लिहिलेली असते. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० अंक. साध्या प्लेअरला एवढेच ठाऊक असते : अंक वाचायचे, त्यांची पुन्हा लाट करायची आणि स्पीकरला द्यायची.

एमपी३ ही याहून वेगळी व्यवस्था आहे. तिच्यात कानाला न जाणवणारे तपशील गाळून ध्वनी दाबून बसवलेला असतो. सेकंदाला १,२८,००० अंकांत काम भागवले तर जागा अकरा पटींनी वाचते आणि एका सीडीवर सुमारे १२ तासांचे भजन मावते. एका सीडीवर दीडशे गाणी असतील तर ती एमपी३ चीच. पण ही गाणी संगणकाच्या फाइली म्हणून लिहिलेली असतात. त्या उलगडून त्यांतून लाट काढायला हिशेब करणारी चिप लागते. ज्या प्लेअरवर ‘एमपी३’ अशी खूण आहे त्यात ती असते, जुन्यात नसते. सीडीवर गाण्याशेजारी गुप्तपणे एक खूणही लिहिलेली असते की हा भाग ध्वनीचा आहे की माहितीचा. ‘माहिती’ अशी खूण दिसली की साधा प्लेअर गप्प बसतो. तसे नसते तर स्पीकरमधून कर्कश खरखर आली असती.

संगणकावर सीडी वाजते आणि प्लेअरवर नाही, याचे कोडे बहुधा इथे सुटते. मोडीतले पत्र बाळबोध जाणणाऱ्याच्या हाती द्यावे तसे हे आहे. कागद धड, शाई धड; वाचणाऱ्याला लिपी येत नाही एवढेच.

अनुक्रमणिका राहून गेली

तिसरे कारण लिहिणाऱ्याच्या घाईत असते. प्लेअरमध्ये सीडी घातल्यावर लेसर आधी अगदी आतल्या कडेला जातो. तिथे अनुक्रमणिका असते : गाणी किती, कोणते कुठून सुरू होते, शेवट कुठे. ती सापडली नाही तर प्लेअरला पुढे जाता येत नाही.

कारखान्यातल्या सीडीवर ही अनुक्रमणिका गाण्यांबरोबरच छापली जाते. राइट करताना मात्र आधी गाणी लिहिली जातात आणि शेवटी सीडी ‘बंद’ करण्याची आज्ञा दिली की मग अनुक्रमणिका लिहिली जाते. संगणकावर हिला ‘फायनलाइज’ किंवा ‘क्लोज डिस्क’ म्हणत. जागा उरली आहे, नंतर आणखी गाणी घालू, असा विचार करून ही पायरी सोडून दिली तर तात्पुरती नोंद एका वेगळ्या कोपऱ्यात राहते. ती सीडी लिहिणाऱ्या यंत्रालाच वाचता येते, साध्या प्लेअरला नाही. पुस्तक पूर्ण आहे, पण बांधणी राहिली आहे, अशी ही अवस्था.

चौथे कारण साधे आहे. ती सीडी नसून डीव्हीडी असू शकते. आकार, जाडी, भोक सगळे तेच. पण डीव्हीडीचे वेढे ०.७४ मायक्रोमीटरवर असतात आणि ती ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या लेसरने वाचली जाते. सीडी प्लेअरचा ठिपका तिच्यासाठी फार जाड पडतो. उलट दिशेनेही अडचण आहे. सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरमध्ये फक्त तांबडा लेसर होता, आणि राइट केलेल्या सीडीचे रंगद्रव्य त्या प्रकाशात नीट परावर्तन देत नाही. म्हणून ते प्लेअर विकतची सीडी वाजवत आणि राइट केलेली नाकारत. पुढे त्यांत दोन लेसर बसवले गेले.

आणि खरोखर खराब झालेली

पाचवे कारण वयाचे. जे रंगद्रव्य लेसरच्या उष्णतेने बदलते, ते ऊन, उष्णता आणि ओल यांनीही हळूहळू बदलत राहते. सायनीन नावाच्या हिरवट-निळ्या रंगद्रव्याला उजेड विशेष बाधतो. थॅलोसायनीन हे फिकट सोनेरी त्या मानाने टिकाऊ. रंग उडत गेला की डाग आणि कोरी जागा यांतला फरक कमी होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली दिलेल्या सल्ल्यानुसार सीडी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमानात आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवावी. भाट्याच्या पावसाळी हवेत आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. म्हणजे आपली सीडी वर्षातले निदान चार महिने सल्ल्याबाहेरच्या हवेत असते. ओलीत बुरशीचाही धोका असतो. २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण-दमट देशातून आलेल्या एका सीडीवर स्पेनमधल्या शास्त्रज्ञांना प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाणारी बुरशी आढळली होती. असे क्वचित घडते, पण कोकणात राहणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

ओरखड्यांबद्दल मात्र आपली समजूत उलटी असते. आपण खालची चकचकीत बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने दाबून नाव लिहितो. खालून १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक आहे. त्यावरचा बारीक ओरखडा लेसरच्या नाभीबाहेर राहतो. शिवाय दर २४ बाइटमागे ८ जादा बाइट तपासणीसाठी लिहिलेले असतात आणि मजकूर पांगून ठेवलेला असतो. त्यामुळे वाटेवर सलग दोनेक मिलिमीटरचा मजकूर गेला तरी तो भरून काढता येतो. वरून मात्र धातूच्या थरावर नुसते पातळ लेपन असते. तिथला ओरखडा धातूच खरवडून नेतो. मग परतायला प्रकाशच नाही आणि कोणत्याही गणिताने ते गाणे परत येत नाही.

ओळखायचे कसे?

सीडी फेकण्यापूर्वी पुढच्या क्रमाने तपासावी. तिच्यावर ‘डीव्हीडी’ किंवा ‘आरडब्ल्यू’ लिहिले आहे का ते पाहावे. मग संगणकात घालावी. ‘एमपी३’ फाइली दिसल्या तर भाषा वेगळी आहे. त्या तशाच उतरवून घ्याव्यात. प्रत्येक गाण्यासाठी ‘सीडीए’ शेपटीची चिमुकली फाइल दिसली, तर सीडी गाण्याचीच आहे आणि अनुक्रमणिकाही आहे. अशा वेळी दोष प्लेअरच्या लेसरचा किंवा कमी परावर्तनाचा असण्याची शक्यता जास्त. सीडी संगणकात कोरी किंवा अर्धवट दिसत असेल, तर ती बंद करायची राहिली असावी. ज्या संगणकात सीडी लिहिणारा ड्राइव्ह आहे, त्यात ‘बंद’ करण्याची आज्ञा देऊन पाहावी.

इथे एक सापळा आहे. त्या ‘सीडीए’ फाइली पेनड्राइव्हवर ओढून घेतल्या की गाणी मिळाली असे वाटते. प्रत्यक्षात त्या फाइलीत ४४ बाइट असतात आणि त्यांत फक्त गाणे कुठे आहे त्याचा पत्ता असतो. सीडी टाकून दिल्यावर पत्ता हाती राहतो, घर जाते. गाणे उतरवण्यासाठी संगणकातल्या गाणी वाजवण्याच्या प्रोग्रॅमची ‘रिप’ ही आज्ञा वापरावी लागते. प्लेअरने नाकारलेली सीडी संगणक पुष्कळदा वाचतो, कारण प्लेअरला गाणे न थांबवता पुढे जायचे असते, तर संगणक वेग कमी करून तीच जागा पुन्हा पुन्हा वाचू शकतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

राइट केलेली सीडी उजेडात तिरपी धरली की लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या छटा वेगळ्या दिसतात. लेखन केंद्रापासून २५ मिलिमीटरवर सुरू होते आणि पूर्ण भरलेल्या सीडीत ५८ मिलिमीटरपर्यंत जाते. वाटेची रुंदी आणि वाचनाचा रेषीय वेग दोन्ही स्थिर असल्याने वाजण्याचा वेळ हा लिहिलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. मुलांना विचारावे : निम्मा वेळ भरला तर कड कुठे येईल? पुष्कळजण मध्यावर, ४१.५ मिलिमीटरवर म्हणतील. गणित करून पाहिले तर त्रिज्येच्या वर्गांची सरासरी घ्यावी लागते आणि उत्तर येते सुमारे ४४.७ मिलिमीटर. याच कंकणाचे क्षेत्रफळ, सुमारे ८,६०० चौरस मिलिमीटर, १.६ मायक्रोमीटरने भागले की वाटेची लांबी निघते : सुमारे ५.४ किलोमीटर. सेकंदाला १.२ मीटर वेगाने ती चालायला सुमारे ७४ मिनिटे लागतात.

दुसरा प्रयोग लेसर पॉइंटरचा. पॉइंटर भिंतीला लागून धरावा आणि तांबडा किरण भिंतीपासून अर्ध्या मीटरवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या सीडीवर सरळ पाडावा. वेढ्यांमुळे विवर्तन होऊन भिंतीवर बाजूला ठिपके उमटतात. ६५० नॅनोमीटरचा किरण असेल तर सीडीचा पहिला ठिपका पॉइंटरपासून सुमारे २२ सेंटिमीटरवर येतो, डीव्हीडीचा सुमारे ९० सेंटिमीटरवर. वेढे जितके दाट तितका ठिपका दूर. किरण किंवा त्याचे परावर्तन कोणाच्याही डोळ्यात जाऊ देऊ नये आणि पॉइंटर शिक्षकांनीच हाताळावा.

प्रयोगासाठी एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरची सीडी घ्यावी. नमनाची, ओव्यांची, शाळेच्या जुन्या संमेलनाची सीडी घेऊ नये. आज नव्या संगणकांत सीडीचा ड्राइव्ह बहुधा नसतो. भारतात कोऱ्या सीडी बनवणारी सर्वांत मोठी कंपनी मोझर बेअर २०१८ साली अवसायनात गेली. वाचणारी यंत्रे वर्षागणिक कमी होत आहेत आणि रंगद्रव्य तर थांबत नाहीच. शाळेत एक यूएसबीने जोडता येणारा ड्राइव्ह असला तरी गावातल्या सीडी उतरवून घेण्याचे काम आठवी-नववीची मुले करू शकतील. सुरुवात करावी ती जिची दुसरी प्रत कोणाकडेच नाही अशा सीडीपासून. उतरवलेली फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि शेजारी एका वहीत कोण गाते, कुठे, कोणत्या साली हे लिहावे. ते सांगणारी माणसे आज गावात आहेत.